उकंडा ब्युटी पार्लर

आधी चहा ओतून घ्या, मग सांगते. सांगून झाल्यावर तुम्ही मला चहा पाजाल की नाही, शंकाच आहे.

तुम्हाला तर माहीतच आहे, मला अन्याय सहन होत नाही. दुसऱ्यावर झालेला तर मुळीच नाही. आणि झालाच नसेल, तर मी तो हुडकून काढते, असं माझा भाऊ म्हणतो. पूर्वी मी यावरून त्याच्याशी तासन् तास भांडायचे. दिग्रसला जाऊन आले आणि भांडणं बंद केलं. यावरून काय ते समजा.

तर माझी मैत्रीण उकंडा.

हसलात ना? बघा! इथंच माझं डोकं फिरतं.

उकंडा दारव्ह्याजवळच्या खेड्यातली. यवतमाळला हॉस्टेलात आम्ही एका खोलीत राहायचो. तिच्या आधी तिच्या आईची दोन लेकरं पाळण्यातच गेली. हिच्या वेळेस आजीनं ठरवलं, आता यमाशी सरळ मार्गानं भांडण्यात अर्थ नाही, त्याला गंडवायचं. पोरगी जन्मली तशी सुपात घालून उकिरड्यावर नेऊन ठेवली. ठरल्याप्रमाणे शेजारणीनं उचलली. आजीनं शेजारणीला पसाभर ज्वारी देऊन ती परत ‘विकत’ घेतली आणि नाव ठेवलं उकंडा. उकिरड्यावरची! यम दारात आला तरी त्याला वाटावं, हा तर कचरा आहे, आणि त्यानं पुढच्या घरी जावं. पुढच्या घरच्यांनी काय करायचं ते त्यांनी बघावं.

आपल्याकडे धोंडू, दगडू, केरू, भिकाजी ही नावं कुणी हौसेनं ठेवली नाहीत हो. आयाबायांनी मरणाशी केलेली ती लबाडी आहे. मी एम.ए.ला प्रबंध केला तो यावरच, आपली नावं आणि त्यांचे अर्थ. त्यात एक अख्खं प्रकरण उकंडावर आहे. तिला विचारलं होतं का? अहो, अभ्यासात असं विचारत बसतं का कुणी!

हॉस्टेलातल्या पोरींनी तिचं करून टाकलं होतं यू.के. ‘यू.के., बादली दे.’ ‘यू.के., नळाला माझा नंबर लाव.’ तिला चालायचं. मला चालायचं नाही! ज्या नावानं एका म्हातारीनं साक्षात यमाला परत पाठवलं, त्याची अशी दोन अक्षरं करायची? मी मुद्दाम पूर्ण नावानं हाक मारायचे. बसस्टँडच्या या टोकावरून त्या टोकाला, ‘उ-कं-डाऽऽ!’ अख्खा स्टँड वळून बघायचा. ती स्कार्फ नाकावर ओढून घ्यायची. मला वाटायचं, ऊन लागत असेल. यवतमाळचं ऊन काय असतं, तुम्हाला काय सांगायचं!

बी.ए. झाल्यावर तिनं पार्लरचा कोर्स केला. हात असा हलका, की भुवया करून घेताना माणसाला झोप लागावी. मग दिग्रसच्या प्रफुल्लशी लग्न ठरलं. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगा गुणी. दुकानाशेजारचा गाळा त्यानं तिच्या पार्लरसाठी आधीच घेऊन ठेवला होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पार्लरचं उद्घाटन, असा बेत.

लग्नाआधी एकदा ती फोनवर म्हणाली, ‘क्रांती, मले नावाबद्दल थोडं बोलाचं होतं.’

‘बोलूच नको!’ मी म्हटलं. ‘मला सगळं माहीत आहे. नाव बदलणार आहेत ना ते तुझं?’

‘हो, पण...’

‘पण नाही न् बिण नाही. मी आहे ना! तू फक्त गप्प राहा.’

ती गप्प राहिली. पहिल्यापासून समंजस पोरगी.

त्या तांदळाच्या ताटाची रीत तुम्हाला ठाऊक आहे ना? नवी नवरी घरात आली, की ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहायचं. म्हणजे सकाळपर्यंत जी माणूस होती, तिचं संध्याकाळी नाव पुसायचं, तेही खायच्या वस्तूत! मी लहानपणापासून त्या ताटाकडे खुनशी नजरेनं बघत आलेय. या खेपेला मी ठरवूनच गेले होते.

लग्न दुपारचं होतं. संध्याकाळी वरात दिग्रसला घरी पोचली. नवरीसोबत पाठराखीण म्हणून दोघी होतो, एक तिची आजी आणि एक मी. तीच आजी, यमाला गंडवणारी. एवढीशी, वाळलेल्या शेंगेसारखी, आणि तोंडात सदानकदा सुपारी.

दारात प्रफुल्लची आई, विमलकाकू, ओवाळायला उभ्या. मागं त्याचे वडील, नामदेवकाका. काकांचा जन्म एस.टी.त कंडक्टरकी करण्यात गेला. आता निवृत्त आहेत, पण दारात गर्दी झाली की अजून ओरडतात, ‘आत सरका, आत सरका, मागं लय जागा हाय!’

माप ओलांडून झालं. ताट आलं. पांढरेशुभ्र तांदूळ. प्रफुल्लनं अंगठी हातात घेतली.

कुणीतरी विचारलं, ‘नाव काय ठेवून राह्यले वं?’

विमलकाकू पटकन म्हणाल्या, ‘रिया!’ आणि सुनेकडे बघून हसल्या.

मी ते हसू पाहिलं. विजयी सासूचं हसू. रिया! ना अर्थ, ना इतिहास, ना आगा, ना पीछा! कुठल्याशा मालिकेतून उचललेलं, दोन अक्षरांचं, बिस्किटाच्या पुड्यासारखं नाव! आणि ते कशाच्या जागी? उकंडाच्या!

प्रफुल्लनं तांदळात ‘रि’ काढला.

‘थांबा!’ मी म्हणाले.

सगळे थांबले. व्हिडिओवाल्यानं कॅमेरा माझ्याकडे वळवला. मी पुढं झाले आणि तळहातानं तो ‘रि’ पुसून टाकला. नुसता पुसला नाही, तर शेतात वखर मारावा तसा पुसला. पसाभर तांदूळ खाली सांडले.

‘अगं अगं...’ विमलकाकूंनी माझा दंड धरला आणि करकचून चिमटा घेतला. डोळ्यांनी काहीतरी खुणावत होत्या. मला काय कळायचंय! मला वाटलं, आलं सासूचं खरं रूप बाहेर.

‘काकू, चिमटे काढून स्त्रीचा आवाज दाबता येत नाही!’ मी म्हणाले, आणि मग जे सुरू झाले!

काय बोलले ते सगळं सांगत नाही. तेवढा चहा नाहीये. पण बोलले मात्र चांगलं. आजीकडे बोट दाखवून म्हणाले, या माउलीनं स्वतःचं काळीज उकिरड्यावर ठेवलं आणि उचललं, तेव्हा हे नाव जन्मलं. हे नाव म्हणजे हिचा जन्माचा दाखला, हिची ढाल. ते पुसायचा अधिकार कुणाला आहे? तुम्हाला? तुम्हाला? की या अंगठीला? शेवटी म्हणाले, ‘जी रीत माणसाचं नाव खाते, त्या रीतीला आग लावा!’

आजीनं पदर डोळ्यांना लावला. मग मी वाकले आणि त्या ताटात स्वतःच्या बोटानं, टोपलीएवढ्या अक्षरांत लिहिलं, ‘उकंडा’.

आता भांडण होणार म्हणून मी पदर खोचला. ओढणी हो, ओढणी. बोलायची पद्धत.

नामदेवकाका उठले. घसा खाकरला. मी पुढची सात-आठ वाक्यं तयार ठेवली.

‘बाई,’ काका म्हणाले, ‘जन्मभर मी लोकायचे तिकिटं फाडले. पन आज तू माह्यं तिकीट फाडलं. हे प्रफुल्लची माय. हिचं नाव मी बदलवलं. हिले विचारलं का? नाई विचारलं. कोनालेच विचारावं असं वाटलं नाई. आता बास! आपन घंटी मारली! या घरात सुनेचं नाव बदलनार नाई म्हंजे नाई!’

टाळ्या! अहो, खऱ्याखुऱ्या टाळ्या! एका काकूंनी तर मला काजळाचं बोट लावलं. प्रफुल्ल गोंधळून बायकोकडे बघत होता आणि बायको... तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला भरून आलं. मी मनात म्हटलं, रड बाई, रड. आनंदाश्रू आहेत, येऊ देत.

इथं जर थांबलं असतं, तर मी आज तुमच्यासमोर एक क्रांतिकारक म्हणून बसले असते.

पण नामदेवकाका एकदा निघाले की मधल्या थांब्यावर थांबत नाहीत. त्यांनी तिथंच खिशातून मोबाइल काढला.

‘हॅलो, सुनील? पार्लरचं फ्लेक्स छापलं काय? नाई ना? बरं झालं बापा! ते रिया काढ. हो, काढ. लिही, उकंडा ब्युटी पार्लर. उकंडा रे! उखळातला उ. मोठ्ठं लिही, बसस्टँडवरून दिसलं पाह्यजे. अन् ऐक, खाली एक ओळ टाक...’ काकांनी माझ्याकडे बघून कौतुकानं मान हलवली, ‘लिही, यमालाही चकवणारं सौंदर्य!’

आता खरं सांगा, उकंडा ब्युटी पार्लर! ऐकताना मला पण जरासं... पण मी म्हटलं, सवय होईल लोकांना.

तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट धरलं. नवरीनं! शालू, मुंडावळ्या, हातभर चुडा, आणि ओढ अशी की मी फरफटत मागच्या न्हाणीत. तिनं आतून कडी लावली. नळ सोडला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून.

‘उकंडा, अगं आभार मानायची काही गरज...’

‘मुडदा बसो तुह्या आभाराचा!’

मी एक पाऊल मागं सरकले.

‘कोनं सांगतलं होतं तुले? आं? कोनं सांगतलं होतं? चार महिन्यापासून मी अन् आत्याबाई फोनवर हे ठरवून राह्यलो! रिया नाव मीच निवडलं! मी! माह्या मनानं!’

‘सासूबाई आणि तू?’

‘हो, मी! पहिली ते बी.ए. मास्तरानं हजेरी घेतली का अख्खा वर्ग मागं पाहे. पोट्टे नाकाले रुमाल लावत. हॉस्टेलात आली, पोरीयनं यू.के. केलं, म्हटलं सुटली एकदाची. तं तू! बसस्टँडवर बोंबलत जाय, उकंडा, उकंडा! मले त्या स्टँडवर जमिनीत गडप व्हावं वाटे, क्रांती!’

‘पण तुझ्या नावाचा अर्थ किती...’

‘मले अर्थच नाई पाह्यजे!’ ती अशी ओरडली की मी बादलीवर बसले. ‘जन्मभर अर्थ वाहून राह्यली मी! नाव सांगतलं का लोक इचारते, काहून वं असं नाव? मंग मेलेल्या भावंडायची गोष्ट सांगा. रोज सांगा. बसमध्ये सांगा, बँकेत सांगा. रियाचा अर्थ काय? मले नाई मालूम! कोनी इचारत पन नाई! असं हलकं नाव पाह्यजे होतं मले. छान वाटते, बस!’

‘मग आधी सांगायचंस ना सरळ सगळ्यांना, की नाव आवडत नाही म्हणून!’

तिनं नळ जरा मोठा केला. आवाज मात्र बारीक झाला.

‘कोनाले सांगू? आजीले? तिनं मले उकिरड्यावर ठेवलं अन् उचललं. नाव ठेवून मले जित्तं ठेवलं, असं समजते ते. तिले कोन्या तोंडानं सांगू, का तुह्यं नाव मले नको? मरून जाईन ते. पन सासरची रीत म्हटली का कोनाचाच दोष नाई. आजी म्हनते, जगाची रीत हाय बाई. एकच दरवाजा होता मले, आजीचं मन न दुखवता बाहेर निघाचा. तोच तू बंद केला. अन् वरून भाषन देल्लं!’

मी बादलीवर बसून होते. बादलीत पाणी होतं, हे मला आत्ता कळलं.

‘मला आधी का नाही सांगितलंस?’ मी अगदी हळू विचारलं.

‘तू बोलू देते?’

मी ओढणीनं तिचं पसरलेलं काजळ पुसायला गेले. तिनं माझा हात झटकला.

‘अन् आता पार्लरमध्ये कोन येईन?’ ती नाक ओढत म्हणाली. ‘चाला वं, उकिरड्यावर जाऊन फेशियल करून येऊ, असं म्हनतीन बाया?’

‘मी नीट करते,’ मी म्हणाले.

‘कसं?’

‘करते म्हटलं ना!’

बाहेर आले. पाठीमागून कपडे ओले. नामदेवकाका अजून फोनवर. ‘गुलाबी कशाले? जर्द लाल कर! ताकद दिसली पाह्यजे नावात!’

‘काका, फोन ठेवा जरा.’

‘बोल ना बेटा! तुह्यंच काम चालू हाय.’

‘काका, मी विचार केला. नाव बदला.’

काकांनी मोबाइल कानापासून दूर धरला. ‘कोनाचं?’

‘तिचंच. रिया करा. रीत आहे ना आपली. रीत पाळावी माणसानं.’

सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. आणि व्हिडिओवाला! त्याचा कॅमेरा चालूच!

‘पन बेटा, आत्ताच तं तू म्हने, रीतीले आग लावा!’

‘हो... पण सगळ्याच रीतींना नाही.’

‘नाव म्हंजे ढाल हाय म्हने.’

‘म्हणाले खरं.’

‘अधिकार कोनाले हाय म्हने, या अंगठीले?’

माणसानं इतकं पाठ करून ठेवावं का हो दुसऱ्याचं भाषण? मी जे जे बोलले होते, ते ते काका एकेक काढून माझ्यासमोर ठेवत होते, सुट्टे पैसे मोजून दिल्यासारखे. आणि बोलले होते मी चांगलं! माझ्याच मुद्द्यांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी काका म्हणाले, ‘नाई बेटा, एकदा घंटी मारली का गाडी मांगं नाई येत. हॅलो सुनील, टाक छापाले!’

खरं कारण सांगावं, तर समोर आजी पाटावर बसून सुपारी कातरतेय. अडकित्त्याचा आवाज कट्, कट्. दारात नवरी उभी, डोळे माझ्यावर. तिकडे सुनीलचं मशीन सुरू व्हायच्या बेतात.

आणि मग, मंडळी, मी, क्रांती, आठवीत भोंदूबाबाविरुद्ध नाटक बसवणारी, शनिवारी मुद्दाम नखं कापणारी, तोंड उघडून म्हणाले,

‘काका, त्या नावात दोष आहे.’

‘आं?’

‘मी... मघाशी सामाजिक अंगानं बोलले. आता शास्त्रीय अंगानं सांगते. माझा अभ्यास आहे यावर. हे उकिरड्याचं नाव माहेरापुरतं असतं. ते सासरच्या उंबऱ्याच्या आत आणलं, तर...’

‘तर काय?’

तर काय? मला तरी कुठं ठाऊक होतं! पण बुद्धी कधी कधी अशा वेळी चालते, की चालली नसती तर बरं, असं वाटतं.

‘तर लक्ष्मी दारातूनच परत जाते,’ मी म्हणाले. ‘बघा ना काका. यम आला, त्याला वाटलं इथं उकिरडा आहे, तो गेला. मग लक्ष्मी येईल, तिला काय वेगळं वाटणार आहे? आणि तुम्ही तर बाहेर बोर्ड लावताय. तोही बसस्टँडवरून दिसेल असा!’

विमलकाकूंनी एकदम छातीवर हात मारला. ‘अगं माय वं! नवीन दुकान हाय! अहो, फोन ठेवा पयले!’ काय काम केलं बाईनं! मघाशी मला चिमटा काढत होत्या, तोही याच पक्षातून, हे मला तेव्हा उमगलं.

नामदेवकाकांचा चेहरा उतरला. ‘सुनील, थांब जरासा,’ असं म्हणाले, आणि त्यांनी आजीकडे पाहिलं. ‘आजीबाई, तुमी ठेवलं नाव. तुमाले मालूम असन. असं असते काय?’

सगळं घर आजीकडे वळलं. अडकित्ता थांबला. माझा श्वास पण.

आजीनं आधी मला पाहिलं. मग दारातल्या नातीला पाहिलं. तिला जरा जास्त वेळ पाहिलं. मग सुपारी गालात सरकवून म्हणाली, ‘बराबर सांगून राह्यली पोट्टी. माह्या सासूनं सांगतलं होतं मले. असं नाव सासरी उतरवा लागते. मी इसरलीच होती.’

अहो, माझ्या डोक्यातून ती रीत निघून दोन मिनिटं झाली नव्हती! आणि आजीच्या सासूला ती ठाऊक होती!

‘कशी उतरवाची?’ काकूंनी विचारलं.

आजीनं माझ्याकडे हनुवटी उडवली. ‘इले इचारा. इचा अभ्यास हाय.’

मग काय! एकदा चिखलात पाय घातला की पुढचा पाय कुठं सुका राहतो? मी म्हटलं, नवे तांदूळ घ्यायचे. नवं नाव नवरीनं स्वतः निवडायचं आणि स्वतःच नवऱ्याच्या कानात सांगायचं. दुसऱ्या कुणी सुचवलं, तर जुनं उतरत नाही. आणि त्यानं मान डोलवायची, बोलायचं नाही. एवढी एक गोष्ट तरी मी मनापासून सांगितली.

‘अन् अजून एक राह्यलं,’ आजी म्हणाली.

मी चमकले. माझ्या रीतीत अजून काय राहिलं?

‘जिनं जुनं नाव तांदळात मांडलं, तिनं ते तांदूळ निवडाचे. खाली सांडले ते पन. एकटीनं. अन् निवडून होईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढाचा नाई. नाई तं नाव परत चढते.’

हे कुठल्या पुस्तकात होतं, सांगा बरं!

नवं ताट आलं. नवरीनं प्रफुल्लच्या कानात सांगितलं. अंगठी फिरली, ‘रिया’ उमटलं. फ्लेक्स गुलाबी छापायचा निरोप गेला. ‘खालची ओळ राहू दे काय?’ असं काका अजून विचारत होते. टाळ्या झाल्या, पेढे वाटले, आणि मी? मी कोपऱ्यात सूप घेऊन बसले होते. तांदळात हळद, कुंकू, अक्षता, फुलांच्या पाकळ्या, कुणाच्या तरी साडीची टिकली. सगळं घर हसत होतं, बोलत होतं. लग्नघरात तासभर मला एकही शब्द बोलता आला नाही. मला! तुम्ही कधी पाहिलंय?

बायका येऊन बघून जायच्या. ‘हेच का वं मघा भाषन देत होती ते?’ ‘हो ना! आता पाह्य कशी मुकी झाली.’

थोड्या वेळानं आजी शेजारी येऊन बसली. एक खडा उचलून बाजूला टाकला आणि मला विचारलं, ‘रियाचा अर्थ काय होते वं?’

मी मान हलवली. माहीत नाही.

‘नसू दे,’ आजी म्हणाली. ‘अर्थाचं काम झालं आता. पोट्टी जगली.’

मला कितीतरी बोलायचं होतं. आजी, तुम्हाला सगळं कळलं होतं का? केव्हापासून? न्हाणीतलं ऐकलंत का? पण तांदूळ अजून अर्धे बाकी होते आणि आजीनं ओठांवर बोट ठेवलेलं. मी तेवढ्यासाठी अंधश्रद्धाळू झाले आणि गप्प बसले.

रियाचं पार्लर आज जोरात चाललंय. गावातल्या पोरी आता कोर्सला बाहेर जात नाहीत, तिच्याच हाताखाली शिकतात. गंमत म्हणजे भुवया करता करता बायकांना ती सगळी गोष्ट सांगते. म्हणजे माझी सांगते. आजीची, उकिरड्याची अर्धी गाळून.

परवा दुपारी मला एक अनोळखी फोन आला.

‘नाव उतरवनाऱ्या मॅडम तुमीच काय?’

‘कोण बोलतंय?’

‘मी पुसद रोडवरून बोलून राह्यली, मावशी समजा. दिग्रसच्या पार्लरवालीनं नंबर देल्ला. आमच्या नवीन सुनेचं नाव नकुसा हाय. चार पोरी झाल्या म्हनून ठेवलं होतं तिच्या बापानं. ते उतरवाचं हाय. पन आमचे हे म्हनते, नाव बदलनं जुनाट चाल हाय, कायले बदलाचं. तुमी सांगा ना त्याईले, शास्त्रात कसं हाय ते. अन् मंगळवार चालते काय?’

मी श्वास घेतला. पूर्ण भाषण तयार होतं. मावशी, असलं काही नसतं, तुम्ही कुठल्या काळात जगताय, वार काय, तांदूळ काय, सरळ पोरीला विचारा आणि...

तेवढ्यात फोनच्या मागून एका पोरीचा बारीक आवाज आला. ‘आत्याबाई, लवकर इचारा ना. मामंजी येतीन आता.’

तर मंडळी, मी, क्रांती, एम.ए. मराठी, प्रथम श्रेणी. मी घसा साफ केला आणि म्हणाले, ‘मंगळवार टाळा मावशी. बुधवार उत्तम. नाव तिचं तिनंच निवडायचं, हे विसरू नका. आणि तांदूळ निवडायला तिची एखादी जास्त शिकलेली मैत्रीण असेल, तर तिला नक्की बसवा. त्याशिवाय फळ मिळत नाही.’